सासूबाईंच्या नावाच्या टाइल्स

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला मी देवळात डाव्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. ती जागा मी धरते ती काही जास्त पुण्य मिळतं म्हणून नव्हे. तिथं कोपऱ्यात वारा लागत नाही आणि पाठीला आधार मिळतो, एवढंच. वाण लुटून झालं होतं. कुणाची तरी नवी सून उशिरा आली, तिला कुंकू लावायला म्हणून मी उठले. उठले आणि मागं असा आवाज झाला, जशी ताटांची चळतच कुणी लोटून दिली. वळून बघते तर मी बसले होते त्या जागी फुटक्या टाइल्सचा ढीग. माझी पिशवी त्याच्याखाली. आणि भिंतीचं आतलं सगळं उघडं पडलेलं, ओलं, काळपट, नासलेल्या खोबऱ्यासारखं.

बायका ओरडत बाहेर पळाल्या. मी पळाले नाही, मला पळता येत नाही. तिथंच उभी राहून देवीकडे बघत राहिले. भक्ती वगैरे काही नव्हती त्या वेळी मनात, नुसती धडधड होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोक म्हणाले की म्हातारी सुनेची बाजू घेते. अहो, बाहेर येऊन ओट्यावर बसल्यावर सगळ्यांत आधी मीच म्हणाले होते, "पाडा रे बाबांनो हे देऊळ. कुणाचा तरी जीव घेईल."

आमचं गाव कर्जत आणि खोपोलीच्या मधलं. देऊळ लहानच. दगडाच्या आणि चुन्याच्या भिंती, सागाचे खांब, वर मंगलोरी कौलं. किती जुनं ते कुणालाच माहीत नाही. विचारलं की जो तो आपल्या आज्याच्या आज्याला साक्षीला उभा करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा यात्रेच्या आधी भिंतींना चुना लावायचे आणि झालं. पुढं गावातली पोरं कारखान्यांत लागली, हातात पैसा खेळायला लागला आणि प्रत्येकाला देवीसाठी काहीतरी करावंसं वाटायला लागलं. कुणी खांबांना गुलाबी ऑइलपेंट दिला. कुणी खाली चकचकीत फरशी बसवली. आणि आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्या नावानं भिंतींना छातीएवढ्या उंचीपर्यंत टाइल्स लावल्या. पांढऱ्या, वरच्या काठाला निळी वेल. मधोमध संगमरवराची पाटी, तिच्यावर सासूबाईंचं नाव. तेव्हा अख्खा गाव बघायला आला होता. आज कुणी म्हणेल, देवळाला कशाला बाथरूमसारख्या टाइल्स? पण आम्हाला तसं वाटलं नव्हतं. स्वच्छ वाटलं होतं. तेलाचा हात लागला तरी फडक्यानं पुसता येतो, याचंच आम्हा बायकांना केवढं अप्रूप.

दीर देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. माझे यजमान गेल्यापासून घरातले कर्ते पुरुष तेच. त्या टाइल्स पडल्या तेव्हा त्यांना भीती वाटली की लाज, ते मला अजून कळलेलं नाही. पण कमिटीचं दोन बैठकांत ठरलं: यात्रा झाली की देऊळ पाडायचं आणि पावसाच्या आधी नव्या देवळाचा पाया भरायचा. मुंबईत असणाऱ्या गावकऱ्यांनी नव्या देवळाचं रंगीत चित्रच आणलं, उंच शिखर, सोनेरी कळस, संगमरवरी पायऱ्या. त्याचा मोठा फ्लेक्स फाट्यावर लागलासुद्धा. अडलं एका कागदाशी. जुनं पाडायची परवानगी पाहिजे, सरकारी मदत पाहिजे, तर खालापूरच्या कचेरीत आर्किटेक्टचा दाखला द्यावा लागणार होता की ही इमारत धोकादायक आहे, राहण्या-वावरण्याच्या लायकीची नाही.

"वैनी," दीर मला म्हणाले, "आपल्या घरातच आर्किटेक्ट हाय. रविवारी आली की एक सही घेऊन टाक. कशाला लोकांच्या दारात जायचं?"

"घेते की भावजी," मी म्हटलं. माझी सून ती, तिला मी विचारलंसुद्धा नाही.

माझा मुलगा आणि सून कर्जतला स्टेशनजवळ राहतात. तिचं काम म्हणजे मुंबईवाल्यांना नदीकाठी, डोंगराच्या कुशीत बंगले काढून देणं. गावात तिचा मान होता. कुणाच्या घराचा प्लॅन अडला की तिच्याकडं जायचे, आणि तीही कधी नाही म्हणायची नाही. त्या रविवारी ती आली, चहा घेतला आणि पॅन्टीत शर्ट खोचून देवळात गेली. मला वाटलं, आता येईल सही करून. मी वाटण वाटायला घेतलं. वाटण झालं, रस्सा उकळला, भाकऱ्या झाल्या, तरी बाईचा पत्ता नाही. म्हणून मीच गेले बघायला.

ती वाकून टाइल्सवर बोटाच्या पेरानं टकटक करत होती, आपण नारळ बघतो तशी. मग दोरीला बांधलेला गवंड्याचा ओळंबा भिंतीलगत सोडून बघितला. मग शिडी लावून वर गेली, तुळयांवर टॉर्च मारला. दीर बाहेर ओट्यावर बसून सगळं बघत होते. आधी कौतुकानं बघत होते. मग नुसते बघत होते.

जेवायला बसलो तेव्हा दिरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या ताटाजवळ ठेवला. "मजकूर लिवून आणलाय. तुला कशाला त्रास."

तिनं वाचला. म्हणाली, "काका, मी यावर सही नाही करू शकत."

"का गं? पेन नाय?"

"देऊळ पडायला झालेलं नाही. भिंती सरळ आहेत, वरचं लाकूड चांगलं आहे. भिंतींत ओल साठलीय. बाहेरचा रस्ता काँक्रीट घालून घालून देवळाच्या जोत्यापेक्षा उंच झालाय, सगळं पाणी भिंतीशी येतं. पूर्वी आलेली ओल चुन्यातून वाळून जायची. आता तिला बाहेर पडायला वाट नाही. आतून सिमेंट आणि..." ती थांबली. पण थांबून काय होतं? सगळ्यांना कळलं होतं.

"आन काय?" दीर म्हणाले.

"आणि टाइल्स. त्या काढल्या, भिंत वाळू दिली, परत चुन्याचा गिलावा केला, तर देऊळ तुमच्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल."

दिरांचा हात ताटातच राहिला. "म्हंजे माज्या आयच्या टाइल्सनी देवीचं देऊळ नासवलं, असं म्हणतेस."

"काका, तसं नाही..."

"तसंच म्हणतेस तू." ते अर्ध्या ताटावरून उठले. आमच्या घरात अर्ध्या ताटावरून कुणी उठलेलं मी पाहिलं नव्हतं, अगदी भाऊबंदकीच्या भांडणातसुद्धा नाही. कागद तसाच राहिला, त्यावर रश्श्याचा थेंब पडला.

मग मी तिला बोलले. खूप बोलले. म्हटलं, "अगं, त्या भिंतीला मी बसले होते. मी. घटकाभर उशीर झाला असता तर आज तू माझ्या दिवसांचं जेवत असतीस. आणि तू म्हणतेस धोका नाही?"

"पडल्या त्या टाइल्स पडल्या आई, भिंत पडली नाही."

"माझ्या डोक्याला काय फरक पडला असता?"

यावर तिला हसू आलं, मला नाही आलं. मुलगा मान खाली घालून जेवत होता. तो नेहमी असाच, बायको आणि आई बोलायला लागल्या की त्याला भूक जास्त लागते. मी म्हटलं, "कर की सही. तू नाही केलीस तर दुसरा कुणी करेल. देऊळ पडायचं ते पडेलच, वर तू वाईट होशील."

ती म्हणाली, "तेच तर. मी नुसती 'नाही' म्हणून गप्प बसले तर काहीच होणार नाही. कुणीतरी देऊळ न बघता कर्जतला बसून सही करेल. म्हणून मला सभेला येऊन बोलावं लागेल."

"तू कशाला? तू काय देवीची वकील आहेस?"

तेव्हा तिनं मला सांगितलं. दोनेक वर्षांमागं एका गिऱ्हाइकानं तिला सागाचे जुने खांब आणून दिले होते, नक्षीचे, बंगल्यात बसवायला. कुठल्या तरी गावचं देऊळ पाडलं तेव्हा भंगारवाल्याकडून घेतलेले. "ते मी दारूच्या काउंटरला बसवून दिले आई. त्याला आवडलं, फोटो काढले, माझी वाहवा झाली. एका खांबाला खाली शेंदूर होता. घासून काढायला लावला मी." एवढं बोलून ती भांडी उचलायला लागली. मीही उठून खरकटं काढायला लागले. पण पटलं होतं असंही नाही. भीती होतीच. उद्या त्या देवळात काही झालं तर गाव कुणाचं नाव घेणार होतं?

सभा देवळासमोरच्या अंगणात झाली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका मागं ओट्यावर. मुंबईहून आलेले एक गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत, गावात त्यांना सगळे साहेब म्हणतात. ते दिरांच्या शेजारी बसले. सून समोर एकटीच, हातात फोटोंची फाइल. तिनं आधी नीट सगळं समजावून सांगितलं, रस्ता, पाणी, चुना. लोकांनी ऐकून घेतलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं.

साहेब म्हणाले, "सूनबाई, आर्किटेक्टचं काम नवीन बांधायचं. जुनं सांभाळायला आपला गुरव आहे की."

लोक हसले. गुरवही हसला.

"जुनं कधी पाडायचं आणि कधी नाही, हे सांगणंही माझंच काम आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सही माझी लागते, गुरवाची चालत नाही."

"पण तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"डॉक्टर कुणाच्या बाजूचा असतो?"

"फी देईल त्याच्या!" मागून कुणीतरी ओरडलं. हसू फुटलं. तीसुद्धा हसली. "मला तर तीही कुणी दिली नाही," म्हणाली. क्षणभर वाटलं, निभावलं.

पण मग सुरुवात झाली. एक जण म्हणाला, "सोता फ्लॅटमदी राहायचं आन देवीला जुन्यात ठेवायचं. बरंय." ते खोटं नव्हतं. माझ्या शेजारची बाई उठून म्हणाली, "आमाला लग्नाला हॉल पायजे. यात्रेला पावणे येतात, बायकांना संडास नाय. त्या खांबांना धरून बसायचं का आमी?" सून म्हणाली, "मावशी, तुमचं बरोबर आहे. मागं मोकळी जागा आहे, तिथं हॉलचा आणि संडासाचा प्लॅन मी काढून देते, माझ्याकडून." बाईला ते पटलेलं दिसलं, ती खाली बसली. तेवढ्यात दुसरा म्हातारा म्हणाला, "म्हंजे देवी कौलांखाली आन जेवणावळी स्लॅबखाली? लाज वाटंल रं!" आणि झालं, सभा परत तिकडं गेली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हे बघा, तुम्ही नाही म्हणालात, तुमचा मान राखला. खोपोलीत सही देणारे पुष्कळ आहेत."

"असतील. म्हणून आधीच सांगून ठेवते." फाइल तिनं छातीशी धरली होती. "तसा कागद गेला तर मीसुद्धा माझं मत लिहून खालापूरला देणार आहे. मागून नाही, तुमच्यासमोर सांगून देणार."

मग एकदम सगळे बोलायला लागले. दीर उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत रागावलेले पुष्कळ पाहिले, पण त्या दिवशी ते ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली.

"घरातलं माणूस आमच्या इरुद्ध कचेरीत जाणार?"

"काका, तुमच्या विरुद्ध नाही."

"मंग कुणाच्या? वैनी, ऐकतेस काय?"

आता सगळी तोंडं माझ्याकडं. मला सभेत बोलायची सवय नाही. घरात बोलते, विहिरीवर बोलते, सभेत नाही. पण गप्प बसले असते तर त्या दोघांमधलं तुटलंच असतं. मी म्हटलं, "भावजी, मला भिंतीतलं काही कळत नाही. पण गरम भाकरी झाकणाच्या डब्यात घातली की तिला घाम सुटतो आणि खालची भाकरी चिकट होते, हे कळतं. ती म्हणते तसं आहे की नाही, ते बघायला अख्खं देऊळ कशाला पाडायला पाहिजे? एक तुकडा उघडून बघा की."

"बघा," सून लगेच म्हणाली. "मी खोटी ठरले, तर दाखला मी स्वतः लिहून देते."

मला वाटलं होतं, माझ्या बोलण्यानं थोडं गार होईल. हिनं तर पैजच लावली. दीर म्हणाले, "ठीक हाय. उघडायचं तर आयच्या पाटीपासूनच उघडा. बघूया."

पाटी काढायची ठरली त्या सकाळी गावातलं कुणी शेतावर गेलं नाही. यात्रा तोंडावर होती, खरं तर सगळ्यांना पुष्कळ कामं होती. गवंडी छिन्नी घेऊन आला. आधी संगमरवरी पाटी निघाली, अख्खी निघाली देवाच्या दयेनं. दिरांनी ती आपल्या पंच्यात गुंडाळली आणि लहान पोर घ्यावं तशी मांडीवर घेऊन बसले. मग एकेक टाइल पडायला लागली. मागं ओलं सिमेंट, त्याच्यामागं भिजून मऊ झालेला चुना. वास आला, बंद पेटीतल्या गोधडीचा येतो तसा. लोक एकमेकांकडं बघायला लागले. सुनेनं वरचा मऊ थर खरवडला आणि आत हात घातला.

"इकडं या काका. हात लावून बघा."

दीर जागचे हलले नाहीत. गुरवानं हात लावला. "दगडासारखा हाय," म्हणाला. आतला चुना खणखणीत होता. दगड जागच्या जागी. दोघं-तिघं पुढं झाले, त्यांनीही लावून बघितला. साहेब मोबाइल काढून बाजूला गेले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, जिंकली पोरगी.

भिंतीत अर्धा गाडलेला एक खांब आहे तिथं. त्याचा खालचा भाग टाइल्सच्या आड गेलेला होता, तो आता उघडा झाला. ती गुडघ्यांवर बसली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खांबाचं बूड टोचून बघायला लागली. सगळ्यांकडं तिची पाठ होती. मी कडेला होते, म्हणून मला दिसलं. तिनं जोर लावला नव्हता, तरी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, पिकल्या केळ्यात जावा तसा. तिनं तो हळूच बाहेर काढला. टोकाला ओला भुसा. वरून गुलाबी ऑइलपेंट शाबूत, आतून काही नाही.

बाकी कुणी पाहिलं नव्हतं. लोक अजून चुन्याला हात लावत होते. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. दोन दिवसांनी गुपचूप सुतार आणून करून घेतलं असतं. मी मनात म्हणत होते, गप्प बस गं बाई, आत्ता गप्प बस, आत्ता कुठं लोक वळायला लागलेत.

ती उठली. "सगळ्यांनी बाहेर व्हा. आत्ता. पळू नका, पण बाहेर व्हा."

"काय झालं?"

"मी चुकले. हा खांब खालून गेलाय. वरची तुळई ह्याच्यावर आहे. मला वाटलं होतं लाकूड चांगलं आहे, मी वरचंच बघितलं होतं. आधी टेकू लावायला पाहिजेत."

मग काय विचारता! अंगणात जत्राच. "सांगत होतो नाय!" "आमी येडे काय?" "भाकरीचा डबा म्हणं!" ते मला होतं. साहेबांचा चेहरा उजळला. पण टेकू लावायला माणसं तर पाहिजेत? ज्याच्याकडं नव्या देवळाच्या स्लॅबचं काम ठरलं होतं, त्याच्याचकडं स्लॅबखाली लावायचे लोखंडी टेकू होते. त्याला फोन कुणी करायचा म्हणून सगळे थांबले. दिरांनी केला. टेंपो आला. ती आत उभी राहून एकेक टेकू लावून घेत होती आणि आम्ही बाहेरून बघत होतो. माझा मुलगा तिच्याबरोबर आत होता. मी देवीला काय काय बोलले ते लिहीत नाही. वर कुठंतरी लाकूड कुरकुरलं तेव्हा माझ्या शेजारणीनं माझा हात असा धरला की बांगडी पिचली.

टेकू लागले. ती बाहेर आली, अंगभर धूळ. ओट्यावर बसून तिनं कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. डाव्या भिंतीतला हा खांब धोकादायक आहे, त्याचं बूड बदलेपर्यंत देऊळ बंद ठेवावं. बाकी भिंती आणि छप्पर दुरुस्त करता येण्यासारखं आहे. खाली सही केली.

साहेब तिच्या शेजारी बसले, अगदी प्रेमानं. "आता एवढंच करा. 'हा खांब' खोडून 'हे देऊळ' लिहा. आता तर तुम्हालाही पटलंय."

"नाही," ती म्हणाली. "खांबाचं खांबाला लिहिलंय."

"पण सभेत तुम्हीच म्हणालात ना..."

"मी चुकले तेवढं चुकले. त्याच्यापेक्षा जास्त चुकलेलं लिहून देणार नाही."

लोक पांगायला लागले, चिडलेले, थकलेले. दीर मात्र बसून होते. पाटी अजून मांडीवर. अंगण रिकामं झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, "तू तो खांब टोचलास तवा तुला कुणी बगितलं होतं?"

"नाही."

"मंग बोललीस कशाला? जिंकली होतीस की."

ती म्हणाली, "काका, तुम्ही रोज सकाळी त्या खांबाला टेकून जप करता."

ते उठले. पाटी घेऊन घरी गेले आणि तुळशीच्या कट्ट्याला लावून ठेवली. तिनं दुसऱ्या दिवशी फोन करून मला विचारलं, पाटीसाठी देवळात नवी जागा काढून देऊ का? मी त्यांना विचारलं. "आय घरी आली, तिथंच राहूदे," म्हणाले. यात्रा मांडवात झाली. पालखी अंगणातून फिरली, देवीचं दर्शन दाराबाहेरून. लोकांनी नावं ठेवायची तेवढी ठेवली. यात्रेनंतर साहेब परत आले, खोपोलीच्या कुणाचा तरी दाखला तयार होता, अध्यक्षांची सही तेवढी राहिली होती. मी त्या वेळी चहा घेऊन ओटीवर गेले होते, म्हणून मी साक्षीला. दिरांनी कागद बघितला, चष्मा काढला. "हा माणूस देऊळ बघायला कधी आला होता?" म्हणाले.

"कशाला यायला पाहिजे? फोटो दिलेत."

"पावसाळा जाऊद्या," दीर म्हणाले. "मंग बगू."

आमच्याकडं 'मंग बगू' म्हणजे काय ते ज्याला कळायचं त्याला कळतं. साहेबांना कळलं. ते गेले, त्यांच्या मागं मुंबईच्या देणग्याही गेल्या. अजूनही गावातली चार घरं आमच्याशी बोलत नाहीत, लग्नाची पत्रिका दुसऱ्याच्या हाती पाठवतात. फाट्यावरचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटेपर्यंत तसाच होता, कुणी काढला नाही.

सुतारानं खांबाचं कुजलेलं बूड कापून त्याला नवा साग जोडला. उरलेल्या टाइल्स निघाल्या. रस्त्याच्या कडेला चर खणला. पण भिंती पुरत्या वाळायच्या आतच पाऊस लागला आणि आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. घाटातून ढग उतरले की चार-चार दिवस समोरचं झाड दिसत नाही. टेकू अजून काढलेले नव्हते. भिंती उघड्या, दगड दिसणाऱ्या. मी रोज छत्री घेऊन जायची आणि दारातून आत बघायची. काय बघायची कुणास ठाऊक. पडायचं असतं तर मी बघून थोडंच थांबलं असतं? दरवेळी दीर आधीच तिथं असायचे. मला बघून म्हणायचे, "चिखलात कशाला येतेस? पडशील." आणि दोघंही उभे राहायचो.

सुनेशी मात्र ते बोलत नव्हते. ती रविवारी यायची, भिंतीला हात लावून बघायची, गवंड्याला काय ते सांगायची. दीर चार हातांवर उभे असायचे, तोंड दुसरीकडं. तीही आपणहून बोलायला जायची नाही, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं गवंड्याशी बोलायची.

परवा सकाळी ते माझ्या दारात आले. पाऊस धरून होता, डोक्यावर गोणपाटाची खोळ. "वैनी, तुज्या सुनेला फोन लाव. सांग, मागच्या बाजूची कौलं वानरांनी सरकवलीत, तुळईवर पाणी येतंय."

मी फोन लावला. सांगितलं.

ती म्हणाली, "प्लास्टिक टाका म्हणावं तात्पुरतं, मी दुपारपर्यंत पोचते. आणि काकांना सांगा, स्वतः वर चढू नका. कौलं निसरडी असतात."

मी बघितलं, दिरांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत शेवाळ लागलेलं. "ते चढून आलेत गं," मी म्हटलं.

"आई! द्या त्यांना फोन."

मी फोन पुढं केला. दीर दोन पावलं मागं सरले. "मी तिच्याशी बोलत नाय," म्हणाले. "तू तो आवाज मोठा करतात तसा कर. मी नुसता ऐकतो."